भिंतीपलीकडची जास्वंद

१६ फेब्रुवारी

आज सकाळी पावणेसहाला बागूलांची फुलं तोडली. त्यांच्या जास्वंदीची एक फांदी भिंतीवरून आमच्याकडे झुकते. तिच्यावरची सगळी. सात. टाचा उंच करून पलीकडचीही दोन.

देवासाठी तोडली असं लिहिणार होतो. पण गणपतीला आमच्या झाडाची अकरा होती.

खरं कारण कालचं. बागूलांनी सौ.ला हाक मारून व्हरांड्यात नेलं. जुन्या दिव्याच्या तारेला शिंजीर, फुलातला मध पिणारं ते इवलं पाखरू, घरटं बांधतंय. सौ. परत आली ती उजळून. "अहो, मुठीएवढं घरटं, दाराला छज्जा पण आहे! तुम्हाला बोलावलंय." मी म्हटलं, फर्स्ट शिफ्ट आहे, डबा भर.

बारा वर्षं मी ही बाग करतोय. पाण्याचं भांडं रोज घासतो. कंपनीतल्या पेटीच्या फळ्या आणून चिमण्यांना घर केलं, त्यात मुंग्या राहतात. बागूल, निवृत्त तलाठी, दोन वर्षांपूर्वी आले. झाडत नाहीत, छाटत नाहीत. गवत गुडघ्याएवढं. आणि बुलबुल त्यांच्याकडे, खार त्यांच्याकडे. परवा मुंगूस गेलं तेही त्यांच्याच फाटकातून. मुंगसाचं दर्शन शुभ. ते अंघोळ न करता पेपर वाचत बसले होते.

१९ फेब्रुवारी

आजही तोडली. पाच.

संध्याकाळी सातपूरच्या कंपनीतून आलो तर बागूल फाटकात. "काय आहेरसाहेब, तुमची बाग म्हणजे मंगल कार्यालय! आमचं आपलं रान." हसले. मग म्हणाले, "फांदीवरची फुलं कोणीतरी नेतंय हो. फिरायला येणारे असतील."

"असतील," मी म्हटलं.

पूजेत जप दोनदा चुकला.

सौ. जेवताना : "तुम्ही पाखरांचा हेवा करता."
पाखरांचा नाही, हे मनात म्हटलं.

२४ फेब्रुवारी

सेकंड शिफ्ट. पूजा आटोपून आठ वाजता चहा घेऊन पायरीवर बसलो. एरवी या वेळी मी मशीनवर असतो.

सव्वाआठला दोघं आली. आमच्याकडे! नर काळा, ऊन पडलं की जांभळा. मादी मातकट, पोटाला पिवळी. कप खाली ठेवायचं भान राहिलं नाही. आधी झुकलेल्या फांदीवर, मग आमच्या जास्वंदीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. मादी एका देठाला उलटी लटकली. फूल खुडल्यावर जो हिरवा पेला उरतो, त्यात तिने चोच घातली. पुन्हा घातली. मग गेली भिंतीपलीकडे.

आमच्या झाडावर एकही फूल नव्हतं. रोजच नसतं. आठ वाजता नसतंच. झुकलेल्या फांदीवरही नव्हतं.

माझी परडी देवघरात भरलेली होती.

२५ फेब्रुवारी

आमचे वडील, आबा, सांगायचे, पाखराने, माशीने तोंड लावलेलं फूल उष्टं; देवाला चालत नाही. म्हणून मी आजवर पाखरांच्या आधी उठत आलो.

गावी, देवळ्याला, अण्णांना फोन. थोरल्या भावाला विचारायला लाज कसली. तरी आडवळणाने विचारलं, आबा फुलं कधी तोडायचे?

"दिस वर आल्यावर. गुरांचं करून, अंघोळ करून."
"मग माशी बसायची की."
"बसायची ना. बसली का ते फूल सोडून द्यायचे. पुढचं घ्यायचे."
"आणि सोडलेलं?"
"झाडावर ऱ्हायचं, आनखी कुठं जाईल? तू कधी तोडतो?"
"साडेपाचला. शिफ्ट असते."
"आन् समदी?"
मी फोन दुसऱ्या कानाला लावला.
"आरं मंग त्यांनी खावं काय? येडा हाय का तू? कांदे पाठवतो, शनवारी गाडी हाय."

२७ फेब्रुवारी

काल ठरवलं, निम्मी ठेवायची. आज हात सुरू झाला तो थांबला नाही. सहा ठेवीन म्हटलं, चार ठेवीन म्हटलं. शेवटी मनात आलं ते लिहून ठेवतो, नाहीतर उद्या नाकारेन : मी फुलं ठेवायची, ती पाखरं जेवायला आमच्याकडे यायची आणि राहायला बागूलांकडे. पाहुणे त्यांचे, पंगत माझी.

सगळी तोडली.

३ मार्च

बागूलांनी सौ.च्या मोबाईलवर फोटो पाठवला. दोन उघड्या चोची, आत केशरी. सौ.ने बहिणीला, भाचीला, सगळ्यांना पुढे पाठवला. "आपल्या शेजारी" असं लिहून. मला दाखवला तेव्हा मी चष्मा नाही म्हटलं. चष्मा डोक्यावर होता.

६ मार्च

संकष्टी. फर्स्ट शिफ्ट. एकवीस हवी होती, आमची चौदा झाली. अंधार होता. विटेवर चढून भिंतीपलीकडे हात घातला आणि हाताला फांदीऐवजी स्टीलचा वाडगा लागला.

पलीकडे बागूल उभे. लुंगी, कानटोपी.

"घ्या. सात आहेत. आज चतुर्थी ना? रोज एवढा हात ताणता, खांदा धरेल आहेर."

वाडगा घेतला. काय करणार होतो? तोंडातून एवढंच निघालं, "आणि पाखरांना?"

"अहो, पाखरांना देव आहे."

चिडून म्हणाले असते तर बरं झालं असतं. चेष्टाही नव्हती. आत गेले, दाराची कडी लावली.

ती सात फुलं वाहवेनात. वाडग्यातच राहिली. दुपारी मशीनवर ड्रॉइंग उलटं धरलं, सुपरवायझर हसला. रात्री चंद्र पाहून जेवलो, पण उपास सुटल्यासारखा वाटला नाही.

९ मार्च

सेकंड शिफ्ट. सकाळी अंघोळ करून परडी न घेता बागेत गेलो. हात मागे बांधून. दूर्वा तेवढ्या खुडल्या. गणपतीसमोर बसून म्हटलं, फुलं झाडावर आहेत, तिथूनच तुझी मानून घे. उष्टी झाली तरी तुझीच. वेगळं काही वाटलं नाही. मूर्ती उघडी उघडी दिसत होती.

मग वाडगा घेऊन बागूलांकडे गेलो. घासलेला. रिकामा द्यायचा नसतो म्हणून सौ.ने त्यात गूळशेंगदाणे घातले. मी दारातच सांगून टाकलं, "फिरायला येणारे नव्हते. मी होतो. पहिल्या दिवसापासून."

"माहीत होतं. तुमच्या गणपतीला काय, आमच्याच फुलांचा हट्ट आहे का? मागितली असती तर दिली असती."

"देवासाठी नव्हती."

त्यांनी वाडगा बाजूला ठेवला. "मग कशासाठी?"

तेही सांगितलं. तलाठ्यासमोर जबाब दिल्यासारखं. ते हसले नाहीत. खुर्ची सरकवून दिली. घरटं डोक्यापासून हातभर अंतरावर. मादी आली, पिल्लांनी चोची काढल्या. माझे डोळे भरले. तरी त्याच क्षणी वाटलं, ही तार आमच्या व्हरांड्यात का नाही. म्हणजे ते गेलेलं नाही.

घरी येऊन परडी सौ.ला देऊन टाकली. आबांची होती. तिने एकदा माझ्याकडे, एकदा परडीकडे बघितलं आणि अण्णांनी पाठवलेले कांदे त्यात ओतले.

साडेनऊ. पायरीवर बसलोय. आमच्या झाडावर तेरा, झुकलेल्या फांदीवर सहा. अजून कोणी आलेलं नाही.