कडीचं प्रकरण

१२ मार्च २००१

पुण्याहून फोन! पुस्तक घ्यायचं म्हणतात. येऊन भेटा म्हणाले. हे दुकानात सरकीची पोती उतरवून घेत होते, तिथंच जाऊन सांगितलं. "म्हणजे नंदा आता छापून येणार म्हण की!" — हमालांसमोर मोठ्यांदा. मला रडू आलं. डोळ्यांत पेंडीची धूळ गेली म्हटलं.

बारा वर्षं झाली. माझी धाकटी बहीण नंदा, राज्याच्या सीमेपलीकडं दिलेली, सासरी जळून मेली. पंचनाम्यात "स्टोव्ह भडकला" एवढंच. दोन शब्दांत बाई संपवली. म्हणून मी तीनशे पानं लिहिली.

१९ मार्च

पुण्याला जाऊन आले. संपादक लेलेबाई. चहा दिला, बसायला पंख्याखाली जागा दिली, तोंडभर कौतुक केलं. मग म्हणाल्या, "फक्त ते कडीचं प्रकरण काढू या."

फक्त!

मातीला गेले होते तेव्हा शेजारच्या चिमणाबाईनं मला कोपऱ्यात ओढून सांगितलं होतं — "आक्का, सैपाकघराची कडी भाईरनं हुती. म्याच काढली." पोलीस आल्यावर हीच बाई, "मला काय ठावं न्हाय." पण कडी होती. आणि दाराबाहेर पाट होता. जेवायचा साधा लाकडी पाट, भिंतीला लागून. तो मी माझ्या डोळ्यांनी बघितला. दाराबाहेर पाट कशाला येईल? सासूनं, त्या शांतव्वानं, कडी घातली आणि पाटावर बसून राहिली, आतला आवाज थांबेपर्यंत. मी तसंच लिहिलंय. शेवटी लिहिलंय — ज्या हातानं ती कडी घातली, तो हात झडो.

"तुम्ही होता तिथं?" बाईंनी विचारलं.

"पाट होता."

"मग पाट होता एवढंच लिहा. आपल्याला माहीत नाही तिथं लेखकानं पाट मांडून बसू नये."

पुणेरी कोटी! माझ्या बहिणीच्या मरणावर! बाड उचललं आणि उठले.

२० मार्च

हे म्हणतात, "एक प्रकरण गेलं म्हणून पुस्तक मरत न्हाय." यांना काय सांगायचं. पुस्तक तेवढ्यासाठीच आहे.

प्रेरणासाठी. नंदाची पोर. तेव्हा सहा वर्षांची होती, आता अठराची असेल. आम्हाला भेटू देत नाहीत. दोनदा गेले, दोनदा दारातून परत. आई वेंधळी होती, पदर सांभाळता आला नाही, असं तिला सांगून ठेवलंय. शांतव्वाच्या मांडीवर वाढली ती. आज्जी आज्जी करते म्हणे. कुणाच्या हातचं खातेय ते तिला एकदा कळू दे. मग मला नाव नको, सत्कार नको.

९ मे

इथल्या मंगळवार पेठेत बाळासोच्या प्रेसवर गेले. म्हटलं आपल्याच खर्चानं काढू. त्यानं चार पानं चाळली आणि बाड दोन्ही हातांनी परत दिलं. "आक्का, लग्नपत्रिका, निवडणुकीची पत्रकं, काय बी सांगा. ह्यात जित्त्या माणसांची नावं हाईत. कोर्टात मला हुबं करतील. नावं बदला, उद्या छापतो."

नावं बदलली तर प्रेरणाला कसं कळणार?

बाड कपाटात. नंदाच्या लुगड्यावर ठेवलं.

१७ जुलै २००३

कळंब्याच्या रस्त्याला अमरसिंहानं नेट कॅफे काढलाय. यांच्या मित्राचा भाऊ, बोलायला मोकळा. त्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "इंटरनेटवर टाकू या की, आक्का! प्रकाशक न्हाय, प्रेस न्हाय. कोण अडवतंय?"

कोण अडवतंय! दिवसभर कानात तेच.

३० ऑगस्ट

टाकलं. सगळं. नावांसकट, कडीसकट. एका शब्दाला कुणी हात लावला नाही. अमरसिंहानं पडद्यावर उघडून दाखवलं — नंदाचं नाव, केवढं मोठं! यांनी दुकानात पेढे वाटले. मी नको म्हणत होते. सुतकाच्या पुस्तकाचे कसले पेढे?

११ जानेवारी २००४

कुणाचं काही नाही.

२ एप्रिल

आज परत जाऊन बघितलं. नीट दिसतंय. पण एक माणूस एक ओळ लिहीत नाही. बहिणीचं जळणं फुकट दिलं तरी लोकांना नको.

२६ जून

बंगळूरहून दानेश्वरीचा फोन, माझी नणंद. "वैनी, उघडून बघितलं. नुसतं कडबोळं दिसतंय! इंग्रजी अक्षरं, चौकोन, फुल्या. मराठी कुठं हाय?"

मराठी अक्षरांचा तो फॉन्ट फक्त अमरसिंहाच्या मशीनवर होता. जगात दुसरीकडं कुठंच एक अक्षर उमटलं नव्हतं. दहा महिने पालथ्या घड्यावर पाणी! मीच लिहिलं, मीच जाऊन वाचलं. अमरसिंह तोंड लपवत होता. मी हसले त्याच्यावर. घरी येऊन मात्र जेवले नाही.

५ नोव्हेंबर २००६

दोन वर्षं कपाटातच होतं. आता युनिकोड म्हणून नवीन आलंय, कुठंही मराठी दिसतं. मीच टाइप करायला शिकले. एका बोटानं, डोळे लाल होईपर्यंत. कडीचं प्रकरण सगळ्यात आधी केलं.

३ डिसेंबर

लोक वाचतात! नाशिकची एक बाई, "माझ्या आत्याचं असंच झालं." अमेरिकेतून एक. सांगलीची एक मास्तरीण. एक एक वाचते आणि नंदाच्या फोटोपुढं जाऊन सांगते.

१९ डिसेंबर

बाकी पुस्तक सोडून लोकांनी कडीचं प्रकरणच उचललं. मेलवरून इकडून तिकडं पाठवतात. कुणी आपापल्या साइटवर चिकटवलंय, शांतव्वाच्या नावगावासकट. अमरसिंह म्हणतो, "आता म्या म्हटलं तरी पुसायचं न्हाय, आक्का."

पुसायचंय कुणाला!

८ जानेवारी २००७

लेलेबाईंचा फोन. सहा वर्षांनी. आवाज थकलेला. म्हणाल्या, "माझ्या हजार प्रती निघाल्या असत्या. तुम्ही कुठल्या कुठं पोचलात. तरी सांगते, ते एक प्रकरण काढा."

"आता ते माझ्या हातात नाही," म्हटलं.

त्यांनी फोन ठेवला. मी जिंकले.

१६ जानेवारी

शांतव्वाच्या दारावर कुणीतरी शेण फासलं. चिमणाबाईच्या सुनेनं कळवलं. म्हातारी दार उघडत नाही म्हणे. ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

२२ जानेवारी

देव पावला! प्रेरणा बंगळूरलाच नोकरीला आहे. दानेश्वरीला एका लग्नात भेटली. दानेश्वरीनं साइटचा पत्ता आणि माझा नंबर लिहून दिला. "तुझ्या आईचं हाय, वाच." पोरगी "बघते" म्हणाली आणि चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. दिसते कशी, विचारलं. "नंदाच!"

१८ वर्षं याच्यासाठी. आता वाचेल. वाचून आज्जीला सोडेल, इकडं येईल. तिच्यासाठी माडीवरची खोली झाडून घेतली. हे म्हणाले, "आधी येऊ दे तर खरं." गादीला नवी खोळ घातली.

२७ जानेवारी

फोन नाही. दुकानात बसले तरी कान घराकडं.

२ फेब्रुवारी

प्रेरणाचा फोन आला. आवाज थेट नंदाचा. मी "बाळ" म्हटलं, तर मला पुढं बोलूच दिलं नाही.

"मावशी, आज्जी पाटावर बसली नव्हती. 'कडी घाल' म्हणाली. माझा हात पुरत नव्हता, म्हणून तिनं पाट दिला."

अनवाणी अमरसिंहाकडं पळत गेले. काढ म्हटलं, सगळं काढ, आत्ताच्या आत्ता.

"आक्का, कुठनं कुठनं काढू?"