भूपेंद्रच्या नावाची मूठ

२६ जुलै, शनिवार. धुळे.
आजपासून बेटावरचा लाइव्ह कॅमेरा बघणार नाही. पक्कं. लेकीने, पुनमने मोबाइलवर लावून दिलेला. धुराचा डोंगर, बघ्यांसाठी कठडा, खाली समुद्र. माझ्या लेकाचं, भूपेंद्रचं नोकरीचं जहाज तिथे थांबलं होतं. कठड्याजवळून स्वतःचा फोटो पाठवला, अंगात निळं जॅकेट, मग धुकं उतरलं. दोन वर्षं झाली. जहाजाची कंपनी म्हणते, दरीत गेला. बघितलं का कोणी? फोन पडला असेल त्याचा.
संध्याकाळी: आरतीनंतर जरा बघितलं. हवामानापुरतं.

२९ जुलै, नागपंचमी.
निळं जॅकेट! कठड्याजवळ उभा. धुक्यात तोंड दिसेना. डोकं जरा मोठं वाटतं, टोपी घातली असेल. पुनम म्हणाली, आई, दुसरं कोणी असेल गं. मग दुपारभर हलत का नाही? लहानपणी रुसला की असाच उभा राहायचा. रिचार्ज देवखर्चात लिहिला.

३१ जुलै.
अजून तिथेच. पाऊस, आणि खुळ्याला छत्री नाही. लोक शेजारी उभं राहून फोटो काढतात, एकजण विचारत नाही, बाबा जेवलास का. एवढ्या डोंगरापुढे कोणी नारळसुद्धा फोडत नाही. धुकं पडणारच.

२ ऑगस्ट, शनिवार.
उद्या कानबाईचा सण. नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजले. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ. गेल्या वर्षी भूपेंद्रची कोणी घालू दिली नाही, म्हणूनच रुसलाय. यंदा घातली. जाऊबाई भिकुबाईंनी मनगट धरलं. माय वो, जो शे त्यानीच मूठ ऱ्हास. म्हणजे जो आहे, त्याचीच मूठ. म्हटलं, शे ना, तो बघा, उभा शे. मोबाइल पुढे धरला. त्यांनी हात सोडला. यांनी गहू उचलले, दळून आणले.

३ ऑगस्ट, रविवार.
कानबाईचा पाट मांडला. सगळ्यांना मोबाइलपुढे बसवलं, म्हटलं, आज तोंड दिसेल. धुकं फाटलं, ऊन पडलं. एक गोरी बाई आली. त्याच्या डोक्यावरून जॅकेट ओढून काढलं, घडी घातली. आत लोखंडी खांबावर दुर्बीण. पुनम हळूच म्हणाली, पावसात झाकून ठेवतात. बाई डोळा लावून समुद्र बघत राहिली.
यांनी मोबाइल पालथा घातला.
मी पिठाच्या परातीशी बसले. म्हटलं, त्याची तेवढी मूठ परत काढून ठेवू. चाळलं, चिमटीत धरून बघितलं.
सगळ्यांच्या पिठात मिसळली आहे. निघत नाही.