पैलवानाची टाकी

३ जून
आले एकदाची! ताई गेल्यापासून भाऊजी बोलावत होते. शेवटी बदली मागून घेतली आणि आज बाडबिस्तरा घेऊन त्यांच्या घरी दाखल झाले. आठ वर्षांच्या भाचीने, चिमीने, चहासुद्धा होऊ न देता मला ताईच्या पैलवानापुढे उभं केलं. पैलवान म्हणजे बोटभर लांबीची रंगीबेरंगी मँटिस कोळंबी. ठोसा असा, की शिंपल्याचा भुगा! म्हणून टाकीही जाड प्लास्टिकची. ताई टाकीवर टक् टक् करायची आणि तो बिळातून उत्तर द्यायचा. आता चिमी करते. आई गेल्यापासून ती एवढ्यानेच हसते, असं भाऊजी म्हणाले. त्याला जिवापाड जपेन, असा मी शब्द दिला.

११ जून
टाकीचं तंत्र जमलं. पाणी आटलं की गोडं पाणी घालायचं, खारं नाही. मीठ काही उडून जात नाही. पण दोन दिवस पैलवान शिंपल्याला शिवला नाही. बिळाचं तोंडही खड्यांनी बुजवलंय. स्वारी रुसलीय, असं म्हणून चिमीला हसवलं.

१९ जून
सकाळी तळाशी निपचित पडलेला. पाय, डोळे सगळं जागच्या जागी. हाताला फार हलका लागला. उपाशी होता बिचारा. चिमी शाळेतून यायच्या आत कुंडीत पुरला, हवेचा पंप बंद केला. खूप रडले. चिमी रडली नाही. तो आत आहे, म्हणाली.

२० जून
भरदुपारी टक् टक्. रिकाम्या टाकीतून. चिमी म्हणते, पैलवान बोलावतोय. तिच्यावर ओरडले. टाकीवर चादर टाकली, खोलीला कडी घातली. ताई, तू आहेस का?

२२ जून
आवाज क्षीण झालाय. बरं वाटलं. देवा, मला बरं वाटलं.

२३ जून
टाकी कुणाला हवी का, म्हणून माशांच्या दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, मेला कशावरून? ते कात टाकतात, कात हुबेहूब तशीच दिसते — अंग कडक होईपर्यंत बीळ बुजवून बसतात —
धावत आले. खडे उपसले. मऊ होता. गुदमरून —
चार दिवस हाका मारत होता.

२५ जून
चिमी बोलत नाही. जेवायला बोलावलं की ताटावर बोटाने टक् टक्. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

२६ जून
टाकी उपसली. पुसून कोरडी केली, खोलीला पुन्हा कडी घातली. चिमी शाळेत. घरात मी एकटी —
टक् टक्.
कोरड्या टाकीत.
ऐकते रे. या वेळी ऐकते. कडी काढते, थांब. तू मेलास असं वाटलं मला, मी तुला —