दोन वर्षं भरलेली टाकी

आर्डिसताई,

दोन्ही हात साबणाने तीनदा धुऊन धाकट्या भावाचा नमस्कार. (तीनदा का, ते पुढे येईलच.) तुझा गुडघा कुरकुरायचा थांबला असेल, आणि सेंट पॉलच्या त्या फ्लॅटमध्ये वरच्या मजल्यावरची बाई पहाटे खुर्च्या ओढायची आता थांबली असेल, अशी आशा करतो. मी ठीक आहे. घर ठीक आहे. तळघरही आता ठीक आहे.

तू सांगितलंस तसं आमचं चाकांवरचं घर, ते कॅम्पर, विकायचं मी मनावर घेतलं. रोज सकाळी कॉफी पिताना खिडकीतून ते बघत बसणं चांगलं नाही, हे तुझं म्हणणं मला पटलं होतं. शनिवारी ओ क्लेअरहून एक जोडपं बघायला येणार असं ठरलं. आता गाडी दाखवायची म्हणजे संडासाची टाकी रिकामी हवी, आणि इथेच घोडं अडलं. ऑक्टोबर अर्धा सरला की उद्यानांतल्या टाक्या उपसायच्या जागा थंडीमुळे बंद होतात, आणि मला जाग आली ती ऑक्टोबर सरल्यावर.

टाकी मुळात भरलेली का होती, हे तुला मी कधी सांगितलं नाही. सुपीरियर सरोवराच्या काठावरून आम्ही ठरल्यापेक्षा दोन दिवस आधी परतलो, कारण लोर्नाला बरं वाटत नव्हतं. अंगणात गाडी लावली तेव्हा ती म्हणाली, "डेल, टाकीचं उद्या बघ." तो उद्या इस्पितळात गेला, आणि त्यापुढचे अकरा दिवसही. मग मला ती झडप उघडवेना. दोन हिवाळे टाकी गोठू नये म्हणून वरून औषध ओतत राहिलो, पण खालून रिकामी केली नाही. हसायचं तर हस. लोक बायकोचा स्वेटर जपून ठेवतात, मी हे ठेवलं.

शेवटी ठरवलं की घरच्याच सेप्टिक टँकमध्ये सोडून द्यावं. पण टँकचं झाकण कुठे आहे? चर्चच्या बायका आल्या की दिसतं म्हणून आईने बाबांकडून त्यावर माती टाकून गवत लावून घेतलं होतं, आठवतं? खूण काय, तर लायलकच्या झुडपापासून कोठाराकडे बावीस पावलं. पण ती बाबांची पावलं. (बाबा चालायला लागले की आपल्याला मागे पळावं लागायचं.) मी सात खड्डे खणले. एकात मला तुझी बाहुली सापडली, जी मी घेतली नाही असं मी शपथेवर सांगितलं होतं. त्याबद्दल आता माफी मागतो, साठ वर्षं उशिरा का होईना.

तेवढ्यात शेजारचा व्हर्लिन कुंपणावर येऊन टेकला. त्याच्या सत्तर गाई, त्यामुळे या विषयात तो स्वतःला पंडित समजतो. म्हणाला, "अरे, मी चाळीस वर्षं शेण वाहतोय, तुम्हा दोघांचं ते केवढंसं असणार? स्वयंपाकघराच्या भिंतीपाशी टँककडे जाणाऱ्या पाइपाचं टोपण आहे ना, दे त्यात सोडून." झाकण सापडलं असतं तर आत डोकावून बघता आलं असतं. पण मला खणायचा कंटाळा आला होता आणि व्हर्लिनला सल्ला द्यायचा कंटाळा कधीच येत नाही.

पाइप जोडला. ताई, एरवी टाकी उपसायच्या जागी लोर्ना पाइपाच्या टोकावर बूट रोवून उभी राहायची आणि मागे रांगेतल्या माणसांशी गप्पा मारायची. तिच्या पाककृतींच्या डब्यात सहा चिठ्ठ्या अशा आहेत, ज्या तिने टाकी उपसायच्या रांगेत अनोळखी बायकांकडून मिळवल्या. तो रुबार्बचा केक तुला फार आवडायचा ना, तो मोंटानातल्या अशाच एका रांगेतला. (तेव्हा सांगितलं असतं तर तू खाल्ला नसतास.) या वेळी पाइपावर व्हर्लिन उभा राहिला. मी झडप ओढली, लोर्नाला मनातल्या मनात सॉरी म्हटलं, आणि सगळं गडगडत गेलं. मला रडू आलं. व्हर्लिनने दुसरीकडे बघितलं, हा त्याचा मोठेपणा.

गेलं, पण टँकमध्ये नाही. टँक काठोकाठ भरलेला होता, म्हणून सगळं उलटं फिरून तळघरातल्या मोरीतून वर आलं. आणि तळघरात होती चर्चच्या जेवणाची, ल्यूटफिस्कची, म्हणजे त्या भिजवलेल्या उग्र वासाच्या माशाची चार पिंपं, कारण चर्चमध्ये नवी फरशी बसतेय. त्याच वेळी चौऱ्याऐंशी वर्षांच्या इंगा ब्रेक्के माशाचं पाणी बदलायला आल्या. अर्ध्या जिन्यात थांबून त्यांनी खोल श्वास घेतला आणि म्हणाल्या, "यंदा मासा छान मुरलाय हं, डेल."

मग त्यांनी खाली बघितलं. बूट-मोजे काढले आणि फडकं मागितलं. पुसता पुसता म्हणाल्या, "लोर्ना दर तीन वर्षांनी मे महिन्यात टँक उपसायला गाडी बोलवायची. तुला ठाऊक नव्हतं होय रे?" नव्हतं. सेहेचाळीस वर्षं मी समजत होतो की सेप्टिक टँक आपोआप चालतो. आणखी काय काय आपोआप चालत नव्हतं, ते हल्ली एकेक करून कळतंय. (मासा वाचला. पिंपं टेबलावर होती, झाकणंही घट्ट होती. तरी कुणाला सांगू नकोस.)

असो. टँक उपसून झाला, टाकी धुऊन लख्ख केली. तब्येतीला जप.

तुझा,
डेलमार

ता. क. ते जोडपं शनिवारी येऊन गेलं. भली माणसं होती. त्यांना गाडी फार आवडली, म्हणून छत गळतं असं सांगून टाकलं. छत गळत नाही.

ता. क. दुसरा. सुपीरियरच्या काठावरचे आमचे दोन दिवस राहिलेत. जूनसाठी तीच जागा राखून ठेवली आहे. एकट्याने जायचा प्रयत्न ऑगस्टमध्ये केला होता. कोठारापासून फाटकापर्यंत गेलो, शेजारची सीट बघितली आणि परत आलो. तू येशील का? टाकीचं सगळं मी बघेन. फोन मात्र करू नकोस. फोनवर तू लगेच नाही म्हणतेस. पत्राने कळव, कारण पत्र लिहायला बसलीस की दुसऱ्या पानापर्यंत तुझं मन बदलतं.