बेचाळीस नंबरचा शर्ट

रेणुका,

तुह्या बाबाले घेऊन मेडिकलच्या दवाखान्यात चालली. तू झोपली होती, म्हणून उठवलं नाही. कढईत आलूची भाजी आहे, जेवून घेजो.

आज ग्राहक हेल्पलाइनवाल्यांचा फोन येईन. बाबाच्या त्या नव्या शर्टाची तक्रार वापस घेऊन टाक वं. तू म्हणे, बेचाळीसचा मागवला अन् मोठा पाठवला, मंग पैसे वापस भेटलेच पाहिजे, आपला हक्क आहे. कंपनीवाले म्हणे, हळदीचा डाग आहे, घातलेला माल चालत नाही. आता नव्या कपड्याले हळदीचं बोट नाही लावावं तं काय करावं? तू माह्यासाठी किती भांडली त्यायच्याशी.

पण आज सकाळी मी बाबाचा मागच्या दिवाळीचा बेचाळीसचाच शर्ट काढला अन् या नव्यावर ठेवून पाहिला. खांद्याले खांदा, बाहीले बाही. बोटभराचा फरक नाही.

कंपनीनं बरोबरच पाठवला वं बाई.

तोच घालून नेऊन राहिली त्यायले. बाह्या दुमडून देल्या. त्यायले अजून वाटते, शर्टच मोठा निघाला. घरी आल्यावर त्यायनं विचारलं, तं कंपनीलेच शिव्या देजो.

आई