पाच मतं, एकगठ्ठा, आणि माझ्या नावाचं स्पेलिंग

ओमाहा, ३ मार्च

तीर्थस्वरूप लुमिरदादास,

धाकट्या ब्लाझेनाचा वाकून नमस्कार (गुडघ्यामुळे मनातल्या मनातच). तुझं ब्लडप्रेशर, अग्नेसवहिनींचा दमा आणि तुमच्या तांबड्या गाईचं पोट, तिघांचीही खुशाली कळव. दोन वर्षं मी तुला पत्र लिहिलं नाही, तूही लिहिलं नाहीस. पण अबोला कुणी सुरू केला हा विषय आज काढत नाही. (तू केलास.) आज लिहिते आहे ते आभार मानायला, आणि त्याची सवय नसल्यामुळे पत्र जरा लांबणार आहे.

भांडण त्या पाच मतांवरून झालं. राष्ट्राध्यक्ष निवडायला आपल्या नेब्रास्काच्या वाट्याला मतं येतात पाच. त्यातली दोन राज्यभरात जिंकेल त्याला, आणि उरलेली तीन ज्या त्या मतदारसंघात जिंकेल त्याला. तुझं म्हणणं, पाचही एकगठ्ठा एकालाच द्यावीत; बाकीची जवळजवळ सगळी राज्यं तसंच करतात, आपणच काय वेगळी चूल मांडायची? माझं म्हणणं, ओमाहाचं एक मत ओमाहाला राहू द्या, तेवढ्यासाठी तरी उमेदवार आमच्या दारात येतात. एवढ्याशा मतावरून इस्टरच्या जेवणात तू मला ‘शहरवाली’ म्हणालास, मी तुला ‘मक्याचं कणीस’ म्हणाले, आणि वहिनींनी खसखस भरलेल्या गोड पावांचं, कोलाचेंचं, ताट उचलून आत नेलं. ते माझ्यापुढे अजून आलेलं नाही.

तर एकगठ्ठ्याचं विधेयक विधिमंडळात पुन्हा आलं आणि राजधानीत, लिंकनला, त्याची सुनावणी लागली, तेव्हा विरोधात बोलायचंच असं मी ठरवलं. (आपल्याकडे कुणालाही समितीपुढे जाऊन बोलता येतं. ही सोय ज्याने केली, त्याच्या घरी माझ्यासारखी बाई नसावी.) प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात, म्हणून अंडी उकडायचं घड्याळ लावून मी भाषण चौदा वेळा म्हटलं. बर्फातून गाडी हाकत पोचले, तर दुसऱ्या रांगेत तू, अंत्यविधीला घालतोस तो कोट घालून बसलेला. मी मुकाट्याने मागे बसले. त्यातच माझ्या कानातल्या यंत्राची बॅटरी संपली. अध्यक्षबाईंनी काहीतरी पुकारलं, तू उठून ओळीत उभा राहिलास, आणि मी तुझ्यामागे जाऊन उभी राहिले. आधी समर्थकांना बोलावतात आणि विरोधकांना नंतर, हे माझ्या ध्यानातच आलं नाही.

तू छान बोललास. (हे पुन्हा म्हणणार नाही.) मग मी खुर्चीत बसले. वेळ मोजणारा हिरवा दिवा लागला. बाई म्हणाल्या, नाव सांगा आणि स्पेलिंग सांगा. मी बी, एल, ए, झेड करत ब्लाझेना संपवलं आणि व्होस्तरचिल या आडनावाला हात घातला. लिहून घेणाऱ्याने विचारलं, “आर नंतर लगेच सी? मध्ये काहीच नाही?” मी म्हटलं, “होतं हो काहीतरी, पण आमच्या आजेसासऱ्यांनी ते येताना बोटीवरच सोडलं.” मग बोटीचं सांगावं लागलं. बोटीचं सांगताना त्यांना वाटेत लागलेल्या उलट्यांचंही आलं. पिवळा दिवा लागला. मी घाईने म्हटलं, “तर माझं म्हणणं एवढंच, की...” आणि लाल लागला. बाई म्हणाल्या, “आभार. समर्थनात नोंद झाली.”

दादा, तुला गप्प बसता आलं असतं. ओमाहाची म्हातारी एकगठ्ठ्याच्या बाजूने! तुमच्या लोकांनी तर टाळी वाजवायला हात उचलले होते. आणि तू जागेवरून ओरडलास, “ओ बाई, ही माझी बहीण आहे! एकाहत्तर वर्षांत माझ्या एका गोष्टीला हो म्हटलेलं नाही हिने. ही समर्थनात कशी असेल? खोडा ते!” जागेवरून बोलता येत नाही, असं त्यांनी बजावलं. तू म्हणालास, “मग काढा मला बाहेर, पण आधी खोडा.” त्यांनी खोडलं. मग तुझ्याच माणसांनी तुझ्याकडे कसं पाहिलं, तेही मी पाहिलं. मी कोट शोधून बाहेर येईपर्यंत तू निघून गेला होतास.

माझं मत माझं म्हणून मोजलं जावं यासाठी इतकं कुणी कधी केलं नव्हतं, आणि ते तू केलंस, ज्याला ते मत मुळीच पटत नाही. मला भरून आलं. मनापासून आभार, दादा. विधेयक अडकलं, हे तुला कळलंच असेल. मला आनंद झाला. मग तुझा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि आनंद अर्धाच राहिला.

वहिनींना नमस्कार, गाईला कुरवाळणं.

तुझी,
ब्लाझेना

ता. क. इस्टर जवळ आला आहे. मला बोलवावं की नाही यावर तुमच्या घरी मत घेशील, तेव्हा दोघांचं मिळून एकगठ्ठा तुझंच धरू नकोस. वहिनींचं वेगळं मोज. कोपऱ्यातली खुर्चीही चालेल.

दुसरा ता. क. बॅटरी संपली नव्हती. “समर्थकांनी आधी या,” हे मला स्पष्ट ऐकू आलं होतं. पण दोन वर्षांनी तू दिसलास, तू उठलास, म्हणून मीही उठले.