फुकटच्या चार ओळी

पांढुर्णा,
दि. २८ ऑगस्ट २०२५

ती. देवका आत्याबाई यांस,
प्रणालीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे, पण कोणीच खुशाल नाही. फोनवर बोलले असते, पण तुम्ही फोनवर ओरडून बोलता आणि तुमची भिंत भगवंतरावांच्या भिंतीला लागून आहे. म्हणून हे पत्र सौंसरच्या बसमध्ये देते आहे.

काल भगवंतरावांचा माणूस आला आणि सुपारी फुटली तेव्हा बाबांनी दिलेला दुपट्टा-टोपी ओट्यावर ठेवून गेला. निरोप असा, की दारू पिऊन लोकांची डोकी फोडणाऱ्याची मुलगी आमच्या श्रीकांतला करायची नाही. बाबांनी दारूला कधी हात लावला नाही, हे त्यांच्याच बहिणीला मी काय सांगू?

हे सगळं त्या बातम्यांच्या वेबसाइटमुळे. गोटमारीच्या दिवशी दोन्ही काठांवरून गोटे चालू असतानाचा बाबांचा फोटो, सावरगावच्या रक्तबंबाळ पोराला काखेत धरून जाम नदीतून ओढताना. वर मथळा, ‘जखमी तरुणाला फरफटत नेणारा हा पांढुर्ण्याचा माणूस कोण?’ खाली चार ओळी, आणि मग सगळं धूसर. आपल्या या महिन्याच्या पाच मोफत बातम्या संपल्या, पुढे वाचण्यासाठी वर्गणी भरा. माझ्या पाच तर नोकरभरतीच्या बातम्यांत केव्हाच संपल्या. गावभर फिरतो आहे तो तेवढ्याच तुकड्याचा फोटो.

बाबा म्हणतात, पोरगा बुडत होता, मी त्याला ॲम्ब्युलन्सपर्यंत नेला. पण तो आणि त्याची आई नागपूरच्या दवाखान्यात आहेत, बाबांचं खरं मानणार कोण? बाबांनी बाजारात जाणं सोडलं आहे. श्रीकांतचा साधा फोनही नाही. आत्याबाई, तो मला आवडला होता, म्हणून जास्त आग होते आहे. मला या लोकांवर सूड उगवायचा आहे. समजूतदारपणाचा सल्ला तेवढा देऊ नका.

माया आहे तशी राहू द्या आणि डोकं माझ्या कामी लावा.

तुमची,
प्रणाली

*

सौंसर,
दि. २ सप्टेंबर २०२५

चि. प्रणालीस,
देवका आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचता वाचता तव्यावरची भाकर करपली. सल्ला नको म्हणतेस ते बरं, माझ्याजवळ नाहीच. सोयरीक मी जुळवली होती, तेव्हा हा अपमान माझाही आहे.

भगवंतराव रोज गणपतीच्या मांडवात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला तुझ्या बापाचा, नत्थूचा फोटो दाखवून राहिला होता. पूर्ण वाचली का, असं मी विचारलं, तर म्हणे चार ओळींत माणूस कळतो. खरं कारण त्याच्या बायकोनं, शांताबाईनं सांगितलं. त्याच्या फुकटच्या पाच बातम्या संत्र्याच्या भावात आणि राशिभविष्यात उडून गेल्या होत्या. वर्गणी भरायला हात आखडतो, सोयरीक मोडायला नाही आखडत!

मी मात्र फोनवर कधी बातमी उघडलीच नव्हती. माझ्या पाचही शाबूत. चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. पोरी, तुझ्या बापाचं नाव आहे तिच्यात. पाठीवर गोटे बसत असताना नत्थू पाण्यात उतरला आणि त्यानं त्या पोराला वाचवलं. पोराची आई म्हणते, आमचे लोक काठावर उभे राहिले आणि पलीकडचा माणूस देवासारखा धावला. प्रश्न फुकट वाटून उत्तर कुलपात ठेवणाऱ्या त्या वेबसाइटवाल्यांच्या भाजीला कधी मीठ न लागो.

मी मुद्दाम गप्प बसले. काल एक तारीख लागली, भगवंतरावाच्या पाच बातम्या परत आल्या. आणखी काही मसाला सापडेल म्हणून त्यानंच ती उघडली. संध्याकाळी तोंड पाडून माझ्या ओट्यावर हजर. म्हणे, झालं गेलं विसरा, सोयरीक पुन्हा जुळवा, पण चार लोकांत बोलायला लावू नका. पाहिलंस? बदनामी मांडवात आणि माफी माझ्या ओट्यावर. माझ्या हाताला लाटणं लागलं नाही, हे त्याचं नशीब.

उत्तर तू लिही, पोचवायला मी आहे. माया आटली नाही, रागही आटला नाही, दोन्ही तुझेच.

तुझी,
देवका आत्या

*

पांढुर्णा,
दि. ३ सप्टेंबर २०२५

ती. भगवंतरावजी यांस,
सा. न. वि. वि.

आत्याबाईंनी आपलं म्हणणं कळवलं. बाबांचा राग ओसरला आहे, ते म्हणतात माणूस चुकतो. आईनं दुपट्टा-टोपी पेटीत जपून ठेवली आहे. श्रीकांत मला पहिल्या भेटीतच आवडले होते, हे लिहायला मी लाजत नाही. आता सगळा विचार करून माझा निर्णय असा, की

आपलं मोफत वाचन इथे संपलं. पुढचा कागद आत्याबाईंजवळ बंद पाकिटात आहे. पैसे नकोत. ज्या मांडवात आपण चार ओळी दाखवल्या, तिथेच आरतीच्या गर्दीत पूर्ण बातमी मोठ्यानं वाचावी आणि पाकीट घेऊन जावं.

*

सौंसर,
दि. ६ सप्टेंबर २०२५

चि. प्रणालीस,
अनेक आशीर्वाद, आणि एक शाबासकी.

तुझा पहिला कागद वाचून भगवंतरावानं काय केलं असेल? पेढे आणले! चार ओळींत माणूस कळतो ना त्याला. आळीभर सांगितलं, पोरगी हो म्हणाली, पुढचं नुसतं उपचारापुरतं.

काल आरतीनंतर माइक घेऊन त्यानं बातमी वाचली. सुरुवातीला आवाज चढा होता, नत्थूचं नाव येईपर्यंत पार घशात गेला. मी पुढच्याच सतरंजीवर बसले होते. ऐकू येत नाही म्हणून ती ओळ पुन्हा वाचायला लावली, आणि मला छान ऐकू येत होतं. मांडवात टाळ्या पडल्या, त्या तुझ्या बापासाठी.

मग पाकीट दिलं. गेलेला रुबाब परत यावा म्हणून त्यानं ते श्रीकांतच्या हाती दिलं आणि माइकवर वाचायला सांगितलं. श्रीकांतनं न पाहता सुरुवात केली आणि मग थांबताही येईना. तुझं लिहिणं मला तोंडपाठ झालं आहे:

‘मी तुमच्या घरात येणार नाही. बातमीला कुलूप होतं, माझ्या बाबांच्या फोनला नव्हतं. तुम्ही एकानंही विचारलं नाही.’

पेढे आधीच वाटून झाले होते, ते काही परत घेता येईनात. मी दोन खाल्ले.

आता तू रडत असशील. रड, मला तो पोरगा मनातून आवडला होता, मीही रडले. पण नत्थूला म्हणावं उद्या बाजारात जा. लोकांनी शेवटपर्यंत ऐकलं आहे.

दिवाळीला माझ्याकडे ये. माया धरून आहेच.

तुझी,
देवका आत्या